बंद खात्यावरची थकबाकी : नोंद, पुरावा आणि एक नेमका अर्ज



परिकल्पना कशी मांडायची, प्राथमिक आणि दुय्यम स्रोत कसे ओळखायचे, आकडेवारी कुठून आली हे का विचारायचं, यावर आपण याआधी बोललो आहोत. आज तेच सगळं एका अगदी घरगुती प्रश्नावर वापरून बघू. प्रश्न असा : जे बँक खातं तुम्ही बंद केलं किंवा बंद झालं असं धरून चालला होतात, त्यावर बँक अचानक थकबाकी सांगते. आता काय करायचं?

हा प्रश्न आपल्यासारख्यांना जास्त येतो, कारण विद्यार्थ्याची खाती गावोगाव विखुरलेली असतात. बारावीला शिष्यवृत्तीसाठी एक खातं, पदवीला कॉलेजच्या आवारातल्या शाखेत दुसरं, एमएस्सीला शहर बदललं म्हणून तिसरं, फेलोशिपसाठी चौथं. जुनी पासबुकं घरच्या कपाटात पडून असतात. मग एक दिवस मेसेज येतो, 'आपल्या खात्यावर रु. १,९४८ येणे बाकी आहे, त्वरित भरा.' रक्कम छोटी असते, म्हणून काहीजण कटकट नको म्हणून भरून टाकतात. काहीजण मेसेज पुसून टाकतात. या दोन्ही वेळी एक गोष्ट राहून जाते : तो आकडा बरोबर आहे का, हे कुणी तपासतच नाही. देणं क्रेडिट कार्डाचं किंवा ओव्हरड्राफ्टचं असेल, तर ते क्रेडिट रिपोर्टवर चढतं आणि पुढे शैक्षणिक कर्ज किंवा घरकर्ज मागताना आडवं येतं.

आजच्या लेखाचा मुद्दा एका वाक्यात : थकबाकी हा बँकेचा दावा आहे, आणि आकडा कुठून आला हे दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे. तुमचं काम आहे नेमका, तारखेसह, लेखी प्रश्न विचारणं.

पायरी १ : आधी व्याख्या

संशोधनात आपण कार्यात्मक व्याख्या करतो. 'ताण' मोजायचा तर ताण म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. इथे तो शब्द आहे 'बंद'. बोलताना आपण चार वेगवेगळ्या स्थितींना बंद म्हणतो.

एक, निष्क्रिय खातं. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर बचत खातं निष्क्रिय ठरतं. ते चालू करता येतं, म्हणजे ते बंद झालेलं नाही.

दोन, गोठवलेलं खातं. केवायसी अपुरं असेल किंवा कुठल्या यंत्रणेचा आदेश असेल, तर व्यवहार थांबवतात. हेही बंद नाही.

तीन, खरोखर बंद केलेलं खातं. तुम्ही अर्ज दिला, चेकबुक आणि कार्ड परत केलं, शिल्लक काढून घेतली, बँकेने खातं मिटवलं.

चार, बँकेने 'राइट ऑफ' केलेलं कर्जखातं. यात बँक ती रक्कम आपल्या हिशेबात बुडीत धरते, पण तुमचं देणं माफ झालेलं नसतं. याच्याच शेजारचा शब्द 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण रकमेऐवजी तडजोडीची रक्कम घेऊन मिटवलेलं खातं. क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड', 'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि पुढचा कर्ज देणारा ते वेगळेच वाचतो.

म्हणून पहिला प्रश्न 'मी पैसे देणं लागतो का?' हा नाही. पहिला प्रश्न 'तुमच्या नोंदीत माझ्या खात्याची स्थिती नेमकी काय आहे, आणि ती कुठल्या तारखेपासून?' हा आहे. निम्मी भांडणं इथेच उलगडतात. ग्राहक म्हणतो 'मी २०१९ ला बंद केलं', म्हणजे प्रत्यक्षात वापरणं बंद केलं. बँक म्हणते 'खातं चालू आहे', म्हणजे अर्जच आलेला नाही.

पायरी २ : प्राथमिक स्रोत मागवा

मेसेज, फोनवरच्या माणसाचं बोलणं आणि वसुली एजंटच्या हातातली यादी हे सगळे दुय्यम स्रोत. प्राथमिक स्रोत म्हणजे खातेउतारा. तोही शेवटच्या महिन्याचा चालत नाही. ज्या तारखेची शिल्लक तुम्हाला आणि बँकेला दोघांनाही मान्य आहे, त्या तारखेपासून आजपर्यंतचा सलग उतारा हवा.

याचं कारण साधं आहे. खातं म्हणजे एक बेरीज असते : सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक. अखेरची शिल्लक उणे १,९४८ असेल, तर त्या उण्यामागे ओळी असल्याच पाहिजेत. प्रत्येक ओळीला तारीख, रक्कम आणि कारण असतं. वाद एकूण आकड्यावर घालू नका, ओळीवर घाला.

एक उदाहरण सोडवू

समजा, एका विद्यार्थिनीने एप्रिल २०१९ च्या पहिल्या आठवड्यात जुन्या खात्यातून शेवटचा व्यवहार केला. खात्यात ४१२ रुपये राहिले. नंतर ती दुसऱ्या शहरात गेली. उतारा मागवल्यावर दिसलं की जून २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत दर तिमाहीला किमान शिल्लक न ठेवल्याचे १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ रुपये नावे पडले. अशा २० तिमाही.

२० × ११८ = २,३६०. त्यातून खात्यातले ४१२ वजा केले की उरतात १,९४८. आकडेमोड चोख आहे. पण आकडेमोड बरोबर असणं आणि आकारणी वैध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की, केवळ किमान शिल्लक न राखल्याच्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. म्हणजे पहिल्या तीन तिमाहींचे ३५४ रुपये कापले गेले, ५८ उरले. चौथ्या वेळी फार तर हे ५८ गेले असते आणि खातं शून्यावर थांबायला हवं होतं. त्यापुढचे सगळे १,९४८ रुपये याच नियमात अडकतात.

दुसरा नियमही लागतो. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये सांगितलं होतं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांमध्येही ते आहे. एप्रिल २०२१ मध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. त्यानंतरच्या १२ तिमाहींचे १,४१६ रुपये या दुसऱ्या कारणानेही टिकत नाहीत.

अजून एक गोष्ट विचारायला हवी : दंड लावण्याआधी कळवलं होतं का? २०१४ च्याच परिपत्रकानुसार शिल्लक कमी झाल्यावर ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा असतो. आणि ते खातं मुळात सरकारी शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं शून्य शिल्लकेचं खातं असेल, तर किमान शिल्लक कुठून आली, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

आता बघा, 'मला काही माहीत नाही, मी पैसे देणार नाही' आणि 'नोंद क्रमांक ४ ते २० या नियमाविरुद्ध आहेत' या दोन वाक्यांत किती फरक पडला. पहिल्याला बँकेचा माणूस 'सिस्टीम दाखवते साहेब' एवढंच म्हणेल. दुसऱ्याला त्याला ओळीने उत्तर द्यावं लागेल.

नोंद आहे म्हणजे सिद्ध झालं का?

'सिस्टीममध्ये दिसतंय' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. कायदा याकडे कसा बघतो, ते समजून घेण्यासारखं आहे.

१८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टनुसार बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालते. दरवेळी मूळ वही उचलून न्यायला लागत नाही. पण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये एक महत्त्वाची मर्यादा होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये ती तशीच आली आहे : हिशेबाच्या वहीतली नोंद विचारात घेता येते, पण केवळ तिच्या आधारावर कुणावर देणं लादता येत नाही. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या एआयआर १९६७ मध्ये छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच लावलं. खातेदार नोंद नाकारत असेल, तर बँकेने त्या नोंदीला आधार देणारा दुसरा पुरावाही आणायला हवा.

आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाशीटमधली ओळ हा निष्कर्ष नसतो. त्या ओळीमागचं मोजमाप कुणी, कधी, कशाने केलं, हे दाखवावं लागतं. बँकेच्या बाबतीत ते मोजमाप म्हणजे तुमची सही असलेला अर्ज, मान्य केलेले शुल्काचे नियम, पाठवलेली सूचना, व्यवहाराची पावती.

पायरी ३ : प्रतिस्पर्धी परिकल्पना तपासा

इथे प्रामाणिक राहायला हवं. चांगला संशोधक आपल्याला सोयीची नसलेली शक्यता आधी तपासतो. बँक बरोबर असू शकते.

क्रेडिट कार्डाचं उदाहरण घ्या. समजा बिल ५ तारखेला निघालं. तुम्ही २० तारखेला पूर्ण बिल भरलं आणि २२ ला कार्ड बंद करायला सांगितलं. पण ५ ते २२ च्या दरम्यान केलेली खरेदी त्या बिलात नव्हतीच. ती पुढच्या बिलात येणार. शिवाय एखादं अॅपचं मासिक वर्गणीचं ऑटो डेबिट त्या कार्डावर लावलेलं असू शकतं. तुम्हाला वाटतं 'मी सगळं भरलं', आणि खरंच थोडं राहिलेलं असतं. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तसं न झाल्यास खातं बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. पण अट अशी की कार्डावर काही बाकी नसावी. म्हणून ही बाकी शून्य होती का, हे आधी स्वतःच तपासून घ्या.

अर्ज देऊन खरोखर बंद केलेल्या बचत खात्यावर नवी ओळ पडली असेल, तर कारणं मोजकीच असतात. एक तर सिस्टीममध्ये ते बंद केलंच गेलं नाही. किंवा मागणी दुसऱ्याच खात्याची आहे, जसं की त्याच ग्राहक क्रमांकाला जोडलेलं कार्ड, डीमॅट किंवा लॉकर. म्हणून मागणीतला खाते क्रमांक आणि तुमच्या पासबुकातला क्रमांक जुळवून बघा. सोपं वाटतं, पण घाईत हेच राहतं.

पायरी ४ : काळाचा हिशेब

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशांच्या दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती उलटली की न्यायालयातून वसुलीचा मार्ग बंद होतो. पण देणं पुसलं जात नाही. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सांगितला आहे. तिथे गिरणी कामगारांच्या न दिलेल्या पगाराचा प्रश्न होता, म्हणजे देणेकरी कंपनी होती. तत्त्व मात्र दोन्ही बाजूंना सारखंच लागतं.

मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं मान्य केलं, तर कलम १८ नुसार मोजणी नव्याने सुरू होते. लेखी नोंदीसह काही रक्कम भरली, तर कलम १९ नुसार तसंच होतं. म्हणून 'सध्या ५०० भरते, बाकीचं पुढच्या महिन्यात बघते' असं लिहून देण्याआधी थांबा. वाद असेल तर शब्द हेच ठेवा : 'ही रक्कम मला मान्य नाही, कृपया तपशील द्या.'

पायरी ५ : अर्ज

अर्ज एका पानाचा असावा. राग, जुन्या तक्रारी, शाखेतल्या कुणाचं वागणं हे सगळं बाहेर ठेवा. साधारण असा :

'मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : खाते क्र. ...... वरील रु. १,९४८ च्या मागणीबाबत हरकत.
महोदय/महोदया, वरील मागणी मला दि. ...... रोजी एसएमएसने मिळाली. ही रक्कम मला मान्य नाही. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी : (१) खात्याची सध्याची स्थिती व ती कोणत्या तारखेपासून आहे, (२) दि. ...... पासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा. (३) प्रत्येक शुल्काचा आधार असलेला नियम. (४) शुल्क लावण्यापूर्वी पाठवलेल्या सूचनांच्या प्रती. तक्रारीचा निर्णय होईपर्यंत वसुलीची कारवाई थांबवावी. तक्रार क्रमांक व पोच मिळावी.'

सोबत पासबुकाची, खातं बंद करण्याच्या अर्जाची आणि मेसेजची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ईमेलने पाठवलात तरी चालेल, पण तक्रार क्रमांक घ्याच. नियमाचा दाखला देताना एक काळजी घ्या. परिपत्रकं वेळोवेळी एकत्र करून नव्या निर्देशांत घातली जातात. संदर्भ देण्याआधी आपण शोधनिबंधाची शेवटची आवृत्ती बघतो, तशीच रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आजची आवृत्ती बघून मगच तारीख लिहा.

वसुली थांबवण्याची मागणी हवेतली नाही. २००८ च्या वसुली एजंटांविषयीच्या सूचनांमध्ये रिझर्व्ह बँकेने म्हटलं आहे की, कर्जदाराच्या तक्रारीचा अंतिम निकाल लागेपर्यंत प्रकरण एजंटकडे पाठवू नये. अपवाद मुद्दाम केलेल्या निरर्थक तक्रारींचा. आणि सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं आहे.

उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही तर

रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेप्रमाणे बँकेला ३० दिवस द्यावे लागतात. उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक नसलं, तर लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन होतं, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र थेट तिकडे गेलात तर तक्रार परत येते. आधी बँक, मग लोकपाल. म्हणूनच त्या शिक्क्याच्या तारखेला एवढं महत्त्व.

क्रेडिट रिपोर्टसाठी वेगळी वाट आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तिथेच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. साधं बचत खातं हे कर्ज नसल्यामुळे ते या रिपोर्टमध्ये नसतं. त्यामुळे 'दंड भरा नाहीतर सिबिल खराब होईल' असं कुणी म्हटलं, तर ही नोंद कुठल्या कर्जखात्याखाली जाणार, हे लेखी विचारा.

यातून संशोधनासाठी काय घ्यायचं

मुलाखतीत 'संशोधन पद्धती म्हणजे काय' असं विचारलं की आपण व्याख्या पाठ म्हणतो. पण पद्धत म्हणजे हीच क्रमवारी : शब्दाची व्याख्या ठरवा, मूळ आकडे मागवा, ओळ न् ओळ जुळवा, आपल्या विरुद्धची शक्यता तपासा, तारखा नोंदवा, आणि निष्कर्ष पुराव्याइतकाच मोठा ठेवा. वरच्या उदाहरणात तपासणीनंतर १,९४८ चं देणं शून्य झालं. कार्डाच्या उदाहरणात तपासणीनंतर खरंच बाकी निघू शकते, आणि मग ती भरून 'नो ड्यूज'चं पत्र घ्यायचं. दोन्ही वेळी पद्धत तीच आहे.

या आठवड्यात एवढंच करा : आपल्या नावावर असलेल्या सगळ्या खात्यांची यादी बनवा. खाते क्रमांक, शाखा, शेवटच्या व्यवहाराची तारीख, स्थिती. जे खातं लागत नाही ते अर्ज देऊन, पोच घेऊन रीतसर बंद करा, आणि ती पोच पदवीच्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.